आजार कुणी आणला, हे तपासणीच्या तारखेवरून ठरत नाही



दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या वस्त्यांसमोर ट्रक-ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. सेनगाव, औंढा, कळमनुरी भागातली जोडपी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. कुणी पुण्या-मुंबईला बांधकामावर, कुणी हैदराबादला, कुणी वीटभट्टीवर. चार-सहा महिन्यांनी पट्टा पडला की माणसं परत येतात. मग गावात कुणाला एचआयव्ही निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "बाहेर जाणाऱ्यांनीच आणला." घरात मात्र याच्या उलट होतं. गरोदर सुनेच्या रक्तात एचआयव्ही निघाला की सासू म्हणते, "हिनंच आणला. माझ्या पोराला तर काहीच नव्हतं." ही दोन्ही वाक्यं मी वस्त्यांमधून अनेक वेळा ऐकली आहेत. त्यापायी बाया माहेरी हाकलल्या गेल्या आहेत. म्हणून हा आजार कुठून कुठे जातो हे सरकार आणि शास्त्रज्ञ कसं शोधतात, ते आज नीट समजून घेऊ.

देशातल्या प्रत्येकाचं रक्त तपासणं शक्य नाही. म्हणून 1998 पासून देशभर ठराविक ठिकाणी पहारा ठेवला जातो. त्याला सेंटिनल सर्व्हेलन्स म्हणतात. एका केंद्रावर तीन महिन्यांत तपासणीला आलेल्या ओळीने 400 गरोदर बाया घेतात. त्यांचं रक्त हिमोग्लोबिनसारख्या नेहमीच्या तपासणीसाठी काढलेलंच असतं. त्यातला थोडा भाग नाव-गाव न लिहिता एचआयव्हीसाठी तपासतात. गरोदर बाया का, तर त्या सर्वसाधारण घरातल्या असतात आणि दवाखान्यात येतातच. त्यांच्यावरून साध्या घरांत आजार किती शिरला याचा अंदाज येतो. देहविक्री करणाऱ्या स्त्रिया, ट्रकचालक आणि एकटे राहणारे स्थलांतरित मजूर यांचा पहारा वेगळा असतो. तिथे एका ठिकाणी 250 जण घेतात. याच आकड्यांवरून आज देशात 25 लाखांच्या आसपास लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि प्रौढांत हे प्रमाण 0.2 टक्क्याच्या जवळ आहे, असा अंदाज काढला जातो. महाराष्ट्रातली संख्या देशात सगळ्यात जास्त, चार लाखांच्या जवळपास आहे.

आता यातली अडचण बघा. समजा एक भाऊ कळमनुरी तालुक्यातला, सहा महिने दुसऱ्या जिल्ह्यात एकटाच कामाला होता. लागण तिथे झाली. पण त्याला ताप नाही, खोकला नाही, कित्येक वर्षं काहीच लक्षण नाही. तो तपासणीला कशाला जाईल? तो घरी येतो, बायको गरोदर राहते, तिची तपासणी होते आणि नोंद पडते हिंगोली जिल्ह्यात, बाईच्या नावावर. कागद काय सांगतो? तपासणी कुठे झाली आणि कधी झाली. लागण कुठे झाली, कधी झाली, कुणाकडून झाली, यातलं काहीच तो सांगत नाही. बाई आधी सापडते, कारण सरकारने तिला आधी तपासलं. सासूबाईंचा सगळा खटला एवढ्याच गैरसमजावर उभा असतो.

शास्त्रज्ञांकडे आणखी एक साधन आहे. हा विषाणू एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जाताना आणि शरीरात वाढताना सतत थोडाथोडा बदलतो. दोन माणसांतले विषाणू तपासून ते किती सारखे आहेत हे पाहता येतं. जसं आपण नाक-डोळे बघून भावकी ओळखतो तसंच. त्यावरून विषाणूची वंशावळ मांडतात. भारतात बहुतांश 'सी' जातीचा विषाणू आहे, आफ्रिकेच्या दक्षिण भागातही हीच जात जास्त आहे. पुण्यात भोसरीला 1992 साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या नावाने संस्था उभी राहिली. पण लक्षात घ्या, दोन विषाणू जवळच्या भावकीतले निघाले तरी याने त्याला दिला की त्याने याला, हे त्या वंशावळीवरून खात्रीने सांगता येत नाही. मधे तिसरा माणूस असू शकतो, तो तपासणीला आलेलाच नसतो. प्रयोगशाळा जे ठामपणे सांगत नाही, ते आपण ओट्यावर बसून सांगतो.

बाहेरगावी जाणारा माणूस आजार घेऊन जातो की तिथे त्याला तो लागतो, हा प्रश्न जगभर पडला आहे. युरोपमध्ये नऊ देशांत एचआयव्ही असलेल्या परदेशी स्थलांतरितांचा अभ्यास झाला. तिथे लोकांचा समज होता की हे लोक आपापल्या देशातून आजार आणतात. 2017 साली निष्कर्ष छापून आला : त्यांच्यातल्या सुमारे 63 टक्के लोकांना लागण युरोपात आल्यानंतर झाली होती. माणूस तोच, पण परक्या जागी एकटा, भाषा येत नाही, दवाखाना माहीत नाही. आपला मजूर सातासमुद्रापार जात नाही, पण कारखान्याच्या फडात कोपीत राहताना त्याला तरी कुठला दवाखाना माहीत असतो? उचल फिटेपर्यंत मुकादम सुट्टी देत नाही. एकट्या गेलेल्या पोराच्या हातात पगाराच्या दिवशी पैसा येतो, सोबतीला दारू असते आणि निरोधचं नाव कुणी काढत नाही. फडावरच्या बायांवर होणारी जबरदस्ती तर कुठल्याच नोंदीत येत नाही. मला विचाराल तर धोका माणसाच्या रक्तात कमी आणि या जगण्यात जास्त आहे.

आपल्याला हे जास्त लवकर कळायला हवं. वेगळा कप, वेगळी पंगत म्हणजे काय, हे आपल्या आजी-आजोबांनी भोगलंय. एकत्र जेवणं, एका नळावर पाणी भरणं, लेकरू कडेवर घेणं, डास चावणं, यातून एचआयव्ही लागत नाही. निरोधाशिवाय शरीरसंबंध, दूषित रक्त, एकच सुई, आणि आईकडून बाळाला, एवढेच त्याचे रस्ते.

कामाला जाणाऱ्यांनी निघण्याआधी आणि परत आल्यावर जिल्हा रुग्णालयातल्या किंवा जवळच्या ग्रामीण रुग्णालयातल्या आयसीटीसीत नवरा-बायको दोघांनी मिळून तपासणी करावी. ती फुकट आहे. लागण झाल्यावर तीन महिन्यांपर्यंत तपासणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून शंका असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा जावं. तुमची संमती घेतल्याशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल तुमच्या परवानगीवाचून कुणाला सांगता येत नाही. 10 सप्टेंबर 2018 पासून तसा कायदाच लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढणं, शाळेतून काढणं, उपचार नाकारणं, भाड्याची खोली नाकारणं, हे सगळं त्या कायद्याने बंद आहे.

ज्यांना निघाला आहे त्यांना 2004 पासून सरकारी एआरटी सेंटरवर गोळ्या मोफत मिळतात. 2017 पासून निदान होताच औषध सुरू करतात, आजार वाढायची वाट बघत नाहीत. रोज गोळी घेतली आणि रक्तातला विषाणू मोजण्याइतकाही उरला नाही, तर जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही. पण हंगामात नेमकी इथेच गाडी अडते. गोळ्या संपतात, सेंटर दीडशे-दोनशे किलोमीटर लांब राहतं, मुकादमाला सांगायची लाज वाटते, आणि महिनाभर औषध बंद पडतं. मग विषाणू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. म्हणून निघण्याआधी सेंटरवर स्पष्ट सांगा, "सिस्टर, मी अमुक तालुक्यात चार महिने आहे." जास्त दिवसांच्या गोळ्या देता येतात का ते बघतात. एआरटीची पुस्तिका कपड्यांच्या बोचक्यात ठेवा, घरी ठेवून जाऊ नका. ती दाखवली की तिथल्या जवळच्या एआरटी सेंटरवरही गोळ्या मिळतात. सेंटर कुठे आहे हे 1097 वर फोन करून विचारता येतं, नाव सांगावं लागत नाही.

गरोदर बाईने तर अजिबात थांबू नये. उपचार नसेल तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण 15 ते 45 टक्के असतं, उपचार नीट घेतले तर ते पाचाच्या खाली येतं. फडावर दिवस भरणार असतील तर तपासणीचे कागद सोबत न्या. बाळाला जन्मल्याबरोबर औषध द्यावं लागतं, सहाव्या आठवड्यात त्याचं रक्त तपासतात आणि शेवटची खात्री अठराव्या महिन्यात होते. तेवढ्यात पुढचा हंगाम आलेला असतो, म्हणून ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा.