अनवाणी चाला, पण 'अर्थिंग' समजून!

सध्या सकाळी सहा वाजता हॉस्टेलच्या ग्राउंडवर अनवाणी चालणाऱ्यांची संख्या वाढली आहे. एरवी आठच्या लेक्चरलाही न उठणारी मंडळी! कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं, "ग्राउंडिंग करतोय. जमिनीतले इलेक्ट्रॉन अंगात येतात, झोप सुधारते." मी इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अर्थिंग हा आमच्या अभ्यासातलाच विषय. म्हणून म्हटलं, या दाव्याचं जरा गणित मांडून बघूया.

अनवाणी चालण्याचा उपचार तसा जुना आहे. जर्मनीतील बव्हेरियाचे धर्मगुरू सेबास्टियन क्नाइप (१८२१-१८९७) रुग्णांना दवाने भिजलेल्या गवतावर चालायला लावत. अडॉल्फ युस्ट या जर्मन निसर्गोपचारकाचं पुस्तक वाचून गांधीजी मातीच्या उपचारांकडे वळले. पुण्याजवळ उरुळी कांचनला १९४६ साली त्यांच्याच प्रेरणेने निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. इलेक्ट्रॉनची भर मात्र अलीकडची. अमेरिकेत केबल टीव्हीच्या व्यवसायात असलेल्या क्लिंट ओबर यांनी ती लोकप्रिय केली. त्यांचं 'अर्थिंग' हे पुस्तक २०१० साली आलं. या विषयावरचा २००४ सालचा एक अभ्यास नेहमी सांगितला जातो, पण त्यात माणसं होती फक्त १२.

आता गणित. ईएसडी चाचणीत माणसाचं शरीर म्हणजे साधारण १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर असं धरतात. कोरड्या हवेत अंगावर ५००० व्होल्ट साठले, तरी चार्ज होतो अर्धा मायक्रोकूलॉम. जमिनीपर्यंतचा रोध १ मेगाओम धरला, तर टाइम कॉन्स्टंट येतो १०० मायक्रोसेकंद. त्याची पाचपट म्हणजे अर्धा मिलिसेकंद. पापणी लवायच्या आत चार्ज समान झाला! सर्किट पूर्ण नसल्यामुळे पुढे एकाच दिशेने प्रवाह वाहत राहण्याचं कारणच नाही. मग उरलेली अर्धा तास चाल कशासाठी?

तर ती चालण्यासाठी! आपल्या पायात २६ हाडं आहेत. बुटात ती आखडून बसतात. कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं रोज बुटांचं पॉलिश तपासून घेतलेल्या मला हे चांगलंच पटतं. अनवाणी चालताना तळव्याचे छोटे स्नायू कामाला लागतात, जमीन कशी आहे ते पायाला कळतं. शिवाय सकाळचा उजेड, मोकळी हवा आणि अर्धा तास मोबाईल नाही. एवढ्याने झोप सुधारली तर नवल नाही. श्रेय तेवढं योग्य ठिकाणी द्यावं.

हे सगळं सांगायचं कारण वेगळंच आहे. आमच्या विंगमध्ये एका रूममध्ये थ्री-पिन सॉकेटच्या वरच्या जाड भोकात तांब्याची तार घालून तिचं दुसरं टोक पायाला बांधून झोपायचा प्रयोग चालू होता. मंडळी, हा शुद्ध जीवाशी खेळ आहे! जुन्या वायरिंगमध्ये ती अर्थ वायर खड्ड्यापर्यंत पोचली असेलच याची खात्री नसते. ती मध्येच तुटली असेल आणि शेजारच्या रूममधल्या पाणी तापवायच्या रॉडचं लीकेज तिच्यावर आलं, तर तुमचा पाय थेट लाइव्ह तारेला बांधलेला असतो. ओल्या अंगाचा रोध १००० ओमपर्यंत खाली येऊ शकतो. २३० व्होल्टला हिशेब करा, २३० मिलिअँपिअर. माणसाला वाचवण्यासाठी बसवतात तो आरसीसीबी ३० मिलिअँपिअरला ट्रिप व्हावा लागतो, यावरून काय ते समजा.

पावसाळ्यात आणखी जपायला हवं. विजेची तार तुटून जमिनीवर पडली की तिच्याभोवती जमिनीतच व्होल्टेज पसरतं आणि दोन पावलांमध्ये फरक पडतो. यालाच स्टेप पोटेन्शियल म्हणतात. म्हणून तर सबस्टेशनच्या यार्डात खडी पसरलेली असते. अशा तारेजवळ जाऊच नका. जवळ असलातच तर दोन्ही पाय जुळवून, न उचलता, सरकत सरकत लांब व्हा.

शेवटचं, घरच्यांसाठी. माझ्या आजीला मधुमेह आहे. कुणाचं तरी ऐकून ती अंगणात अनवाणी फिरायला लागली. बाभळीचा काटा दोन दिवस तळव्यात होता, तिला पत्ताच नाही! फरशीवर रक्ताचे डाग दिसले तेव्हा आईला कळलं. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते आणि जखम भरायला वेळ लागतो. अशा माणसांनी अनवाणी चालूच नये. इतरांनीही स्वच्छ जागा निवडावी, कारण घाणेरड्या मातीतून अंकुशकृमी तळव्याच्या कातडीतूनच शरीरात शिरतात. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं आणि परत आल्यावर पाय धुऊन तळवे नीट बघावेत.

तेव्हा उद्या सकाळी ग्राउंडवर जरूर या. चपला कडेला काढून ठेवा. सॉकेटमधली तार मात्र आजच काढा!