जपानी पेनहोल्ड बॅटला रबर कोणते लावावे?



वर्ग सुटल्यावर हॉलमधल्या टेबल टेनिसच्या टेबलाभोवती तुमची गर्दी होते, आणि घरी गेल्यावर आईबाबांकडे मागणी एकच असते : "सगळ्यात फास्ट रबर घेऊन द्या!" मोठ्या गटातील काही जणांनी जपानी पेनहोल्ड बॅट घेतली आहे. तिच्यासाठी तर ही मागणी हमखास चुकीची ठरते. का, ते आज पाहू या.

थोडा इतिहास

स्पंजच्या रबराची गोष्ट आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. १९५२ साली जागतिक स्पर्धा मुंबईत भरली. आशियातली ती पहिलीच. जपानच्या हिरोजी सातो याने जाड स्पंज लावलेल्या बॅटने पुरुष एकेरीचे विजेतेपद मिळवले. तोपर्यंत बहुतेक खेळाडू स्पंज नसलेले, दाण्यांचे रबर वापरत. चेंडूचा 'टक्' आवाज ऐकून समोरच्याला फटक्याचा अंदाज येई. स्पंजमुळे तो आवाजच नाहीसा झाला. पुढे १९५९ साली नियम झाला : रबर आणि स्पंज मिळून जाडी, गोंदासह, ४ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. हा नियम आजही आहे.

बॅट समजून घ्या

पेनहोल्ड म्हणजे पेन धरावे तशी पकड. जपानी बॅटच्या मुठीवर बुचाच्या लाकडाचा उंचवटा असतो. त्याला तर्जनीचा आकडा घालायचा, अंगठा दुसऱ्या बाजूने टेकवायचा आणि उरलेली तीन बोटे मागे ठेवायची. बॅटचे लाकूड, ज्याला भारतातले खेळाडू 'प्लाय' म्हणतात, ते हिनोकी या जपानी वृक्षाचे असते. जपानमधली जुनी देवळेही याच लाकडाची आहेत. चांगल्या बॅटमध्ये थर चिकटवलेले नसतात. ९ ते १० मिलिमीटर जाडीची एकच अखंड फळी असते. चेंडू तिच्यात क्षणभर रुतल्यासारखा वाटतो आणि जोरात सुटतो.

म्हणजे वेग लाकडातच आहे. तो रबराकडून पुन्हा विकत घ्यायची गरज नाही.

एकच रबर, सगळी कामे

नेहमीच्या शेकहँड बॅटला दोन बाजूंना दोन रबरे असतात. एक हल्ल्यासाठी, दुसरे बचावासाठी, अशी वाटणी करता येते. जपानी पेनहोल्डमध्ये एकाच बाजूला रबर असते. सर्व्हिस, फोरहँडची फिरकी, स्मॅश आणि डावीकडे आलेला चेंडू मनगट वळवून अडवणे, हे सारे त्याच रबराने करायचे. उघड्या लाकडाने चेंडू मारला तर गुण प्रतिस्पर्ध्याला मिळतो.

म्हणून आजच्या पाठाचे सूत्र असे : रबर निवडताना आपला सर्वांत चांगला फटका पाहू नका, सर्वांत कच्चा फटका पाहा. बहुतेकांचा तो बॅकहँडच्या बाजूचा ब्लॉक असतो. फार उसळते रबर लावले की स्मॅश झकास बसतो, पण साधा ब्लॉक टेबलाबाहेर जातो. सामन्यात स्मॅश चार आणि ब्लॉक चाळीस!

निवडीचे चार मुद्दे

१. पृष्ठभाग : दाणे आत असलेल्या गुळगुळीत रबराने फिरकी चांगली देता येते, पण समोरच्याची फिरकीही ते तितकीच पकडते. आखूड दाणे बाहेर असलेल्या रबराला ती कमी लागते, ब्लॉक आणि सपाट फटके सोपे होतात. मात्र स्वतःची फिरकी कमी होते. शिकणाऱ्याने गुळगुळीत रबरापासून सुरुवात करावी.

२. स्पंजची जाडी : सुरुवातीला १.८ मिलिमीटर पुरे. पायांची हालचाल जमली, बहुतेक चेंडू फोरहँडने घेता येऊ लागले, की २ मिलिमीटर किंवा अधिक घ्या.

३. स्पंजचा कठीणपणा : मध्यम घ्या. पाकिटावरचे अंश निरनिराळ्या देशांच्या मोजपट्टीत असतात. चिनी रबराचा आकडा जर्मन रबराच्या आकड्याशी ताडून पाहू नका.

४. वजन : कापलेले रबर साधारण ३५ ते ५० ग्रॅम भरते. एकाच बाजूला लावायचे, मग काय फरक पडतो? पडतो! हातोडी दांड्याच्या टोकाला धरून हलवा, मग डोक्याजवळ धरून हलवा. वजन तेच, पण मनगटाला लागणारा जोर वेगळा. जपानी बॅटचे पाते लांबट असते, त्यामुळे रबराचे वजन मनगटापासून दूर पडते. लहान मुलांनी हलके रबरच घ्यावे. नाही तर मनगट दुखू लागते.

'पण चँपियन तर...'

२००४ साली अथेन्स ऑलिंपिकमध्ये कोरियाच्या रयू सुंग-मिनने जपानी पेनहोल्डनेच सुवर्णपदक जिंकले. अंतिम सामन्यात त्याने चीनच्या वांग हाओला ४–२ असे हरवले. वांग हाओच्या पेनहोल्ड बॅटला मात्र दोन्ही बाजूंना रबर होते. रयू विजेच्या चपळाईने डावीकडे धावून फोरहँड मारी. त्याचे वेगवान रबर त्याच्या पायांना शोभत होते. आपले पाय तसे होईपर्यंत त्याचे रबर आपल्या कामाचे नाही.

लावताना

पाण्यावर आधारित गोंदच वापरा. पूर्वी चालणारे पंक्चर-सोल्युशनसारखे उग्र वासाचे गोंद २००८ पासून स्पर्धांत बंद आहेत. लाकूड व स्पंज दोन्हींना पातळ हात द्या. पांढरा गोंद पारदर्शक झाला की मुठीच्या बाजूने सुरुवात करून रबर न ताणता बसवा. वरून आईचे लाटणे (विचारून!) हलकेच फिरवा. बोटे टेकतात तेवढी जागा मोकळी सोडलेली चालते. जुने रबर काढताना सावकाश ओढा. हिनोकी मऊ असल्याने तंतू उपटून येतात. पुढे लाल रबर असेल तर मागची बाजू काळी हवी.

शेवटी एक सल्ला, माझ्या संगणकाच्या धंद्यातला : एका वेळी एकच गोष्ट बदला. मित्राची बॅट मागून घ्या, २० चेंडू ब्लॉक करा, किती टेबलावर पडले ते वहीत लिहा. मगच दुकानात जा.

शब्दार्थ

तर्जनी – अंगठ्याजवळचे बोट
तंतू – धागा
ताडून पाहणे – तुलना करणे
हमखास – नक्की, खात्रीने

स्वाध्याय

१. जपानी पेनहोल्डसाठी अतिवेगवान रबर का नको? तीन वाक्यांत लिहा.
२. प्लाय ९२ ग्रॅम आणि रबर ४६ ग्रॅम. बॅटचे एकूण वजन किती? दोन्ही बाजूंना तेच रबर लावले तर किती होईल?
३. तुमचा सर्वांत कच्चा फटका कोणता? त्यानुसार रबर निवडा आणि कारण मराठीत लिहून आणा.