पाठ १२ : खोक्यातलं कपाट

वाचण्याआधी

तुमच्या खोलीतलं कपाट किंवा टेबल हळूच हलवून बघा. ते डुगडुगतं का? त्याची मागची बाजू कसली आहे, हे कधी पाहिलंय का? आधी बघून या, मग पाठ वाचा.

१. घर बदलतं, कपाट बदलतं

दुबई, शारजा, अबुधाबी इथली बरीच मराठी कुटुंबं भाड्याच्या घरात राहतात. करार साधारणपणे एक वर्षाचा असतो. भाडं वाढलं, शाळा लांब पडायला लागली किंवा आईबाबांची नोकरी बदलली, की घर बदलतं. मग घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं : "कशाला महागाचं घ्यायचं? इथे किती दिवस राहणार आहोत?" आणि घरी एक सपाट, जड खोकं येतं. त्यात फळ्या, स्क्रू आणि एक चित्रांचा कागद असतो. कपाट आपणच जोडायचं!

ही कल्पना मुळात चांगली आहे. स्वीडनच्या आयकिया कंपनीची याबद्दलची गोष्ट प्रसिद्ध आहे. एक टेबल गाडीत मावेना, म्हणून तिथल्या एका माणसाने त्याचे पाय काढले. १९५६ पासून कंपनी असं सुटं फर्निचर विकू लागली. सुटे भाग कमी जागा घेतात, त्यामुळे वाहतूक स्वस्त पडते. जोडायची मजुरीही वाचते, कारण ते काम आपण करतो. आज जगभरात अनेक कंपन्या असं फर्निचर विकतात. त्यात चांगलं असतं आणि अगदी तकलादूही असतं. दोन्ही खोकी बाहेरून सारखीच दिसतात.

२. आत काय आहे?

महाराष्ट्रातल्या जुन्या घरांत सागवानाची कपाटं अजून दिसतात. सागाची झाडं चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात भरपूर आहेत. सुतार एका लाकडाला खाच पाडतो आणि दुसऱ्या लाकडाचं टोक त्या खाचेत घट्ट बसवतो. असा सांधा वर्षानुवर्षं टिकतो. पण असं कपाट जड आणि महाग असतं. ते उचलून दर दोन वर्षांनी नव्या घरात नेणं सोपं नाही.

स्वस्त कपाटाची फळी बहुतेक वेळा पार्टिकल बोर्डची असते. लाकडाचे बारीक तुकडे आणि भुसा घेतात, त्यात डिंकासारखा चिकट पदार्थ घालतात आणि उष्णता देऊन दाबतात. वर लाकडासारखा दिसणारा कागद चिकटवतात. दुकानात ती फळी सागासारखी दिसते. कोपऱ्यावरचा कागद निघाला, की आतला भुसा दिसतो.

३. कपाट का मोडतं?

• भोक मोठं होतं. लाकडात लांब, सलग धागे असतात. ते स्क्रूला धरून ठेवतात. भुश्याच्या फळीत असे धागे नसतात. घर बदलताना कपाट सोडवलं आणि पुन्हा त्याच भोकात स्क्रू घातला, तर तो नुसताच गोल फिरतो. म्हणून पहिल्या घरात नीट उभं असलेलं कपाट दुसऱ्या घरात डुगडुगतं.

• फळी फुगते. फरशी पुसताना कपाटाच्या तळाला पाणी लागतं. कधी एसीचं पाणी गळतं. पाणी आत गेलं, की भुसा फुगतो. वाळल्यावरही फळी पूर्वीसारखी होत नाही.

• फळी वाकते. पुस्तकं जड असतात. लांब, पातळ फळीवर ती ठेवली, की मधोमध बाक येतो.

• पाठ निखळते. मागचा पातळ पत्रा फक्त धूळ अडवण्यासाठी नसतो. तो कपाटाला चौकोनात धरून ठेवतो. तो सुटला, की कपाट एका बाजूला कलतं.

४. मग घ्यायचं कसं?

दुकानात दार उघडा. फळीची कड बघा. पाठ दाबून बघा. किती वजन चालेल, ते वाचा. जोडताना स्क्रू जोर लावून पिळू नका. उंच कपाट भिंतीला बांधा, म्हणजे ते लहान भावंडांच्या अंगावर पडणार नाही. भिंतीत भोक पाडण्याआधी घरमालकाला विचारा. आणि एक हिशोब करा : दर दोन वर्षांनी नवं कपाट घेतलं, तर दहा वर्षांत किती कपाटं होतील? कचऱ्याच्या डब्याशेजारी किती जातील? एक मजबूत कपाट, नवं किंवा कोणी वापरलेलं, कदाचित त्याहून स्वस्त पडेल.

म्हण

बडा घर, पोकळ वासा. वासा म्हणजे छपराला आधार देणारं लांब लाकूड. घर मोठं दिसतं, पण आधारच पोकळ आहे. ही म्हण माणसांबद्दल वापरतात, पण आपल्या कपाटालाही शोभते!

भाषा : तक्रार नेमकी करा

"कपाट खराब आहे" एवढं म्हटलं, तर काय बिघडलं ते कळत नाही. मराठीत यासाठी नेमके शब्द आहेत :
डुगडुगणे – नीट उभं न राहता हलणे
करकरणे – हलताना आवाज होणे
निखळणे – जोडलेला भाग सुटून येणे
खिळखिळं होणे – सगळे सांधे सैल होणे
तकलादू – दिसायला छान, पण न टिकणारं

बोलताना :
"आई, कपाट डुगडुगतंय गं!"
"अरे, त्याची पाठ निखळलीये बघ. बाबांना हाक मार."

लिहिताना :
कपाट डुगडुगत आहे. त्याची पाठ निखळली आहे.

स्वाध्याय

१. पार्टिकल बोर्ड कसा तयार करतात? तीन वाक्यांत लिहा.
२. स्क्रू दुसऱ्यांदा घट्ट का बसत नाही?
३. बोली वाक्यं लेखी भाषेत लिहा : "फळी फुगलीये." "दार करकरतंय." "स्क्रू नुसताच फिरतोय."
४. दुकानदाराला पाच ओळींचं तक्रारपत्र लिहा. वरच्यातले निदान तीन शब्द वापरा. पावतीची तारीख विसरू नका!
५. आजी-आजोबांना फोन करा आणि विचारा : "तुमच्या घरातलं सगळ्यात जुनं लाकडी सामान कोणतं? ते कोणी केलं होतं?" त्यांचं उत्तर वर्गात सांगा.