शेतवस्तीचे फाटक आणि त्याची राखण

माढा तालुक्यातील मोडनिंब हे पुणे-सोलापूर महामार्गावरील बाजारपेठेचे गाव. कुर्डुवाडी-पंढरपूर लोहमार्ग येथून जातो आणि करकंबमार्गे पंढरपूरला जाणारा रस्ताही येथेच फुटतो. ऊस, बोर, डाळिंब, द्राक्षे पिकविणाऱ्या या परिसराला दळणवळणाच्या अशा सोयीचा मोठा लाभ झालेला आहे. संध्याकाळी वस्तीवरून निघालेला माल पहाटे पुण्याच्या बाजारात उभा राहतो. परंतु ज्या रस्त्याने शेतकऱ्याचा माल झपाट्याने जातो, त्याच रस्त्याने चोरलेल्या शेळ्या, पाणबुडी मोटर वा तांब्याची केबलही तितक्याच झपाट्याने जाऊ शकते. घटका-दोन घटकांत वाहन तालुक्याची हद्द ओलांडते. म्हणून शेतवस्तीच्या प्रवेशद्वाराचा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

पूर्वी गावाला वेस होती. दिवेलागणीनंतर तिचे दरवाजे लागत आणि जागल्या व रामोशी रात्रीची राखण करीत. ती राखण जातीच्या जोखडावर उभी होती. स्वातंत्र्यानंतर वतनांची ती पद्धत कायद्याने संपुष्टात आली, हे योग्यच झाले. पुढे १९८० मध्ये भीमेवरील उजनी धरण पूर्ण झाले, विहिरी व विंधनविहिरीही वाढल्या, आणि बारमाही पाण्याबरोबर कुटुंबे गावठाण सोडून शेतात राहावयास गेली. वेस गावातच राहिली; माणसे, जनावरे आणि अवजारे मात्र शेतात गेली. आज वस्तीचे फाटक हीच त्या कुटुंबाची वेस होय. त्यातच शेतीपंपांची वीज आळीपाळीने दिवसा व रात्री मिळत आली आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात घरातील कर्ता पुरुष दारे धरावयास रानात असतो आणि फाटकापाशी कोणीच नसते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली ती दिवसा वीज देण्यासाठी. चोरीच्या दृष्टीनेही या योजनेचे महत्त्व आहे, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

फाटक चोराला अडवते, ही समजूत अर्धीच खरी आहे. पुरेसा वेळ मिळाल्यास कोणतेही कुलूप तुटते. फाटकाची कामे दोन : चोराचा वेळ खाणे आणि तेवढ्या वेळात कोणाला तरी जागे करणे. रेल्वेच्या फाटकाचे उदाहरण शिक्षकांना वर्गात देता येईल. सिग्नलशी जोडलेले फाटक लागून कुलूपबंद झाल्याखेरीज गाडीला सिग्नल मिळत नाही. म्हणजे फाटक उघडे की बंद, हे दूरवरच्या यंत्रणेला कळते. स्वयंचलनाचे खरे मर्म हेच आहे. बटण दाबताच फाटक उघडते, ही केवळ सोय झाली. फाटक अवेळी उघडले हे रानातल्या माणसाला कळणे, ही राखण झाली. खर्चास पैसे थोडे असतील तर मोटरीच्या आधी सूचनेची सोय करावी. फाटकाच्या पाख्यावर चुंबक व खांबावर त्याचा स्विच बसविला आणि त्याला सिम कार्डाचे छोटे यंत्र जोडले, की पाखे हलताच ठरविलेल्या मोबाइलवर घंटा वाजते.

मात्र या साऱ्याचा पाया जमिनीत आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात दोन फूट पुरलेला खांब दोन पावसाळ्यांत कलतो. मग कडी कोयंड्यात बसत नाही, चुंबक स्विचसमोर येत नाही आणि यंत्र रात्री-अपरात्री खोटी हाक देऊ लागते. अशा दहा खोट्या हाकांनंतर अकरावी खरी हाक कोणी ऐकत नाही. म्हणून खांबाचा खड्डा भेगांच्या थराखाली, मुरूम लागेपर्यंत न्यावा आणि सळयांसह काँक्रीट भरावे. जमिनीतील रुळावरून सरकणारे फाटक शहरात शोभते. वस्तीवर त्या रुळात चिखल व पाचट साचते. येथे बिजागरीवर फिरणारी दोन पाखी बरी. वरची बिजागरी उलटी बसवावी, म्हणजे पाखे खालून उचलून काढता येत नाही. कोयंड्याचे बोल्ट आतून वेल्डिंगने पक्के करावेत आणि कुलपाभोवती पत्र्याची पेटी द्यावी. एवढे काम गावातील वेल्डर एका दिवसात करून देतो. फाटक रस्त्यापासून ट्रॅक्टर व ट्रॉलीच्या लांबीइतके आत घ्यावे, नाही तर ते उघडेपर्यंत उसाची भरलेली ट्रॉली रस्त्यावर उभी राहते.

मोटर घ्यावयाची झाल्यास ती बॅटरीवर चालणारी घ्यावी. विजेचा हिशेब येथे मनोरंजक आहे. शंभर वॅटची मोटर एका हालचालीस वीस सेकंद घेते असे धरू. दिवसात वीस हालचाली झाल्या तरी जेमतेम ११ वॅट-तास वीज लागते. उलट रिमोटचा संकेत घेणारे व फोन लावणारे यंत्र केवळ सव्वा वॅट घेते, पण चोवीस तास. त्याचा खर्च ३० वॅट-तासांवर जातो. म्हणजे धावणाऱ्या मोटरीपेक्षा जागे राहणारे यंत्र अधिक खाते. दोन्ही मिळून ४० वॅट-तासांस बारा व्होल्टची वीस अँपिअर-तासांची बॅटरी व ४० वॅटचे सौर पटल पुरते. बॅटरी निम्मीच वापरली तरी तीन ढगाळ दिवस निघतात. पाच वॅटचा कॅमेरा जोडला की रोजची गरज चौपट होते, आणि त्या प्रमाणात पटल व बॅटरीही वाढवावी लागते. विक्रेते हे क्वचितच सांगतात. रिमोटही प्रत्येक वेळी नवा संकेत पाठविणारा असावा. एकच ठरीव संकेत पाठविणाऱ्या स्वस्त रिमोटची नक्कल सहज होते.

लहान मुले पाख्याला लोंबकळतात. म्हणून वाटेत अडथळा येताच मोटर थांबविणारा प्रकाशकिरणाचा डोळा एक गुडघ्याच्या व एक कमरेच्या उंचीवर असावा. मोटर बंद पडल्यास फाटक हाताने मोकळे करण्याची किल्ली घरातील प्रत्येक मोठ्या माणसाला, आजीलासुद्धा, ठाऊक हवी. गोठ्यास आग लागली तर जनावरे याच वाटेने बाहेर काढावयाची असतात.

काही ठिकाणी कुंपणात थेट घरगुती वीज सोडली जाते. हा गुन्हा तर आहेच, शिवाय त्यात चोरापेक्षा घरचीच माणसे, शेजारी आणि गुरे बळी पडतात. क्षणिक झटका देणारे प्रमाणित यंत्र व थेट विजेची तार यांतील भेद ग्रामसभेत समजावून सांगावयास हवा.

घंटा वाजली, तर येणार कोण? हे आधीच ठरले पाहिजे. ११२ हा क्रमांक, पोलीस पाटील आणि जवळच्या तीन-चार वस्त्या यांची नावे यंत्रात नोंदलेली असावीत. आलेल्यांनी वाहनाचा क्रमांक टिपावा, वाट अडवावी व पोलिसांची वाट पाहावी. त्यापुढे जाऊ नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारे समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार केले. त्यांतील बहुतेक आपल्याच सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे होते. पालावर राहणारा प्रत्येक अनोळखी माणूस चोर, हा समज या जिल्ह्याला नवा नाही; इंग्रजी अमदानीत सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसविलेल्या जमाती १९५२ मध्ये मुक्त झाल्या. फाटक किती वाजता उघडले याची नोंद हाती असली, तर संशयाला निदान पुराव्याची जोड लागते.

तक्रारीसाठीही नोंद उपयोगी पडते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार खबर इलेक्ट्रॉनिक माध्यमातून देता येते. मात्र तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात खबर देता येते. महामार्गावरील गावांना ही तरतूद विशेष उपयोगाची आहे. त्या वेळी गाई-म्हशींच्या कानातील बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक आणि मोटरीवरील अनुक्रमांक सांगता आला पाहिजे. मोटरीवर तो कोरलेला असतो, पण सहसा कोणी उतरवून ठेवत नाही. ग्रामपंचायतीने वस्तीनिहाय अशी एक वही ठेवल्यास खर्च केवळ कागदाचा येईल.

यंत्र बसविल्यावर दर महिन्यास एकदा रात्री फाटक मुद्दाम उघडून फोन येतो की नाही ते पाहावे. आतल्या सिम कार्डाचा रिचार्ज संपला की यंत्र मुके होते, आणि त्याचा दिवा मात्र पूर्वीसारखाच लुकलुकत राहतो.