दुसऱ्या ऑब्झर्व्हरची गोष्ट

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, तेवीसच्या तेवीस डिझाइन पॅटर्न पाठ झाले!" मी नुसतं "हं" म्हटलं. मनात आलं ते आज सांगते, रागावू नकोस.

गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडिस यांचं ते १९९४चं पुस्तक मीही असंच घोकलं होतं. पहिल्या नोकरीत ऑब्झर्व्हर पॅटर्न लिहिला (सब्जेक्ट बदलला, की त्याच्याकडे नाव नोंदवलेल्या सगळ्या ऑब्झर्व्हरना निरोप जातो, तो) आणि कॉलर ताठ! मग एक दिवस दोन स्क्रीनवर एकाच मालाचे दोन वेगळे आकडे दिसायला लागले. दोन रात्री डोकं फोडलं. कोड तर पुस्तकातल्यासारखाच होता.

शेवटी टीममधले एक सर म्हणाले, "हा पॅटर्न वचन काय देतो ते एका ओळीत लिही." मी लिहिलं: सगळ्यांना कळवून झालं, की प्रत्येक ऑब्झर्व्हरकडचं मूल्य सब्जेक्टच्या मूल्याएवढं असेल. तीच ओळ त्यांनी अलॉयमध्ये मांडली. हे एमआयटीच्या डॅनियल जॅक्सन यांच्या गटाचं टूल. आपण नियम लिहायचे, ते ठरवून दिलेल्या छोट्या मर्यादेत नियम मोडणारं उदाहरण शोधतं. दोन ऑब्झर्व्हर आणि दोन बदल, एवढ्यावरच माझं वचन मोडलं.

कसं, ते बघ. सब्जेक्ट १ झाला, पहिल्याला १ कळवलं. पहिल्याने तिथूनच सब्जेक्टला २ केलं. लगेच आतल्या आत नवी फेरी सुरू: पहिल्याला २, दुसऱ्याला २. ती संपली, मग अर्धवट राहिलेली जुनी फेरी पुढे सरकली आणि तिने दुसऱ्याला शिळा १ नेऊन दिला. सब्जेक्ट २ वर, दुसरा बिचारा १ वर! निरोपासोबत मूल्य न पाठवता, ऑब्झर्व्हरने ते स्वतः विचारून घेतलं असतं तर हा घोळ झाला नसता. पुस्तकात मूल्य पाठवणारा पुश आणि विचारून घेणारा पुल, दोन्ही आहेत गं. मीच ते पान परीक्षेपुरतं वाचलं होतं.

पॅटर्न काटेकोर मांडायला लोकांनी खास भाषाही काढल्यात. अ‍ॅम्नॉन ईडन यांची लेपस आकृत्यांतून क्लासची रचना नेमकी बांधते. पण माझं दुखणं रचनेचं नव्हतंच, कशानंतर काय घडतं याचं होतं. त्याला अलॉय किंवा लॅम्पोर्टचं टीएलए प्लस बरं.

आणि तुझा तो लाडका सिंगलटन! क्लासचा एकच ऑब्जेक्ट राहील, हे त्याचं वचन. ते पाळायला डबल-चेक्ड लॉकिंग जावात कितीतरी जण बिनधास्त लिहायचे. पण एका थ्रेडने बनवलेला ऑब्जेक्ट दुसऱ्याला पूर्ण बनलेलाच दिसेल, अशी हमी जावाचं तेव्हाचं मेमरी मॉडेल देतच नव्हतं. २००४मध्ये जावा ५ आलं, व्होलाटाइलचा अर्थ पक्का झाला, तेव्हा कुठे तो शब्द लावून ते सुरक्षित झालं.

रविवारी येशील तेव्हा लॅपटॉप आण. कळवणं चालू असतानाच एखाद्या ऑब्झर्व्हरने आपलं नाव काढून घेतलं, तर त्याला निरोप जायला हवा की नको? तुझं उत्तर एका ओळीत लिहून आण. मग कोड चालवून बघू. आई थालीपीठ करणार आहे.