अद्भुतकथा आणि तिची भाषा

अद्भुतकथेचा अभ्यास करताना आपले लक्ष प्रथम तिच्यातील नवलाकडे जाते. बोलणारे पशुपक्षी, रूप पालटणारी भुते, मृतांच्या नगरीचा प्रवास, तुटलेले शिर पुन्हा धडाला जोडले जाणे या गोष्टी जगातील अनेक लोकसमूहांच्या कथांत आढळतात. अभ्यासकांनी त्यांचे वर्गीकरण केले आहे आणि कथाबीजांच्या विस्तृत सूची तयार केल्या आहेत. परंतु लोकांच्या मुखातील ही कथा लेखकाच्या हाती येते तेव्हा ती कोणत्या भाषेत लिहिली जाते, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. ज्यांच्या मुखी लोककथा नांदते त्यांची भाषा बहुधा दरबाराची, शाळेची किंवा कचेरीची भाषा नसते. त्यामुळे ती लिहून काढणाऱ्याला दोन परीक्षांना तोंड द्यावे लागते. कथा नीट सांगणे ही पहिली परीक्षा होय. ज्या भाषेत ती सांगितली आहे त्या भाषेबद्दलची तुच्छता सहन करणे ही दुसरी. प्रस्तुत प्रकरणात या दृष्टीने तीन लेखकांचा विचार करावयाचा आहे. त्यांपैकी पहिला लेखक आख्यायिकेतील आहे, दुसरा राजस्थानातील आणि तिसरा पश्चिम आफ्रिकेतील.

गुणाढ्याची आख्यायिका

भारतीय अद्भुतकथेचा एक मोठा प्रवाह गुणाढ्याच्या 'बृहत्कथे'पासून सुरू होतो. हा ग्रंथ पैशाची भाषेत होता आणि आज तो उपलब्ध नाही. दंडीने 'काव्यादर्शा'त त्याचा उल्लेख भूतभाषेतील अद्भुत अर्थाची कथा असा केला आहे. त्याचे स्वरूप आपल्याला कळते ते मुख्यतः नंतरच्या रूपांतरांवरून. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने राणी सूर्यवतीसाठी रचलेला 'कथासरित्सागर'. एकवीस हजारांहून अधिक श्लोकांच्या या ग्रंथाच्या आरंभीच बृहत्कथेच्या जन्माची आख्यायिका येते. तिला इतिहास मानता येणार नाही. परंतु लोककथा आणि राजसभा यांच्या नात्याविषयी ती बरेच काही सांगून जाते.

प्रतिष्ठान नगरीत, म्हणजे आजच्या पैठणास, सातवाहन राजा राज्य करीत होता. एकदा जलक्रीडेच्या वेळी राणी त्याला संस्कृतात म्हणाली की, पाणी उडवू नका. राजाने संधी न ओळखल्यामुळे त्या शब्दांतून 'मोदक' एवढेच ऐकले आणि मोदक आणण्याची आज्ञा केली. राणी हसली. लज्जित झालेल्या राजाने व्याकरण शिकण्याचा ध्यास घेतला. त्याचा मंत्री गुणाढ्य याने सहा वर्षांची मुदत मागितली, तर शर्ववर्मा नावाच्या दुसऱ्या पंडिताने सहा महिन्यांत व्याकरण शिकविण्याची प्रतिज्ञा केली. तसे घडल्यास आपण संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा या तिन्हींचा त्याग करू, असे गुणाढ्य बोलून बसला आणि पैज हरला. मौन स्वीकारून तो विंध्याच्या अरण्यात गेला. तेथे पिशाचांची भाषा त्याच्या कानी पडली आणि काणभूति नावाच्या पिशाचाकडून त्याने दिव्य कथा ऐकल्या. त्या सात लक्ष श्लोकांत लिहिण्यास त्याला सात वर्षे लागली. अरण्यात शाई नव्हती. म्हणून त्याने स्वतःच्या रक्ताने लेखन केले.

शिष्यांनी तो ग्रंथ राजाकडे नेला. राजाने दोन दोष काढले: भाषा पिशाचांची आणि अक्षरे रक्ताची. ग्रंथ परत आला. गुणाढ्याने टेकडीवर अग्निकुंड पेटवले आणि एकेक पान मोठ्याने वाचून तो ते अग्नीत टाकू लागला. वनातील पशुपक्षी चारा सोडून त्याच्याभोवती गोळा झाले आणि अश्रू ढाळीत ऐकू लागले. इकडे राजा आजारी पडला. वैद्यांनी निदान केले की, भोजनातील मांस शुष्क आहे. व्याधांकडे चौकशी करता त्याचे कारण कळले. राजा अरण्यात धावला. पण तोवर सहा लक्ष श्लोक भस्म झाले होते. शिष्यांना प्रिय म्हणून राखून ठेवलेला एक लक्ष श्लोकांचा भाग तेवढा त्याच्या हाती आला.

या आख्यायिकेतील एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. राजाने ज्या भाषेसाठी ग्रंथ नाकारला ती पैशाची पुढे नामशेष झाली आणि कथा टिकली ती प्रामुख्याने संस्कृतात. म्हणजे सोमदेवासारख्या रूपांतरकारांनी कथेला वाचवले, पण मूळ वाणी वाचवणे त्यांच्या हाती नव्हते. वाचलेल्या कथेने मात्र दूरदूरचा प्रवास केला. त्याच ग्रंथातील वेताळाच्या कथांपैकी शिरे अदलाबदल झाल्याची कथा घेऊन जर्मन कादंबरीकार टोमास मान यांनी १९४० साली एक दीर्घकथा लिहिली आणि तिच्या आधारे गिरीश कार्नाड यांनी १९७१ साली 'हयवदन' हे कन्नड नाटक सिद्ध केले. वेताळाच्या कोड्याला राजाने दिलेले उत्तर असे होते की, सर्व अवयवांत शिर श्रेष्ठ. म्हणून शिर ज्याचे तोच पती. दोन्ही आधुनिक लेखकांनी या उत्तरावरच शंका घेतली. लोककथा जेथे संपते तेथून लेखकाचा प्रश्न सुरू होतो, हे तत्त्व यातून दिसते. पुढील दोन उदाहरणांतही ते आढळेल.

बोरुंद्याचा कथाकार

विजयदान देथा यांचा जन्म १९२६ साली जोधपूरजवळील बोरुंदा या गावी चारण कुटुंबात झाला. त्यांच्या लेखनाचा आरंभ हिंदीत झाला. परंतु पुढे त्यांनी राजस्थानीतच लिहिण्याचा निश्चय केला आणि शहर सोडून ते गावी परतले. या निश्चयाचे मोल समजून घेतले पाहिजे. राजस्थानीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान नव्हते, आणि त्या भाषेतील पुस्तकाला वाचकवर्ग मिळण्याची शाश्वतीही नव्हती. १९६० साली त्यांनी लोकसंस्कृतीचे अभ्यासक कोमल कोठारी यांच्यासह बोरुंद्यात रूपायन संस्थान स्थापन केले. गावातील लोकांकडून, विशेषतः स्त्रियांकडून ऐकलेल्या कथा नव्याने लिहून त्यांनी 'बातां री फुलवाडी' या मालेचे चौदा खंड सिद्ध केले. या मालेतील एका खंडाला १९७४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. देथा यांचे निधन २०१३ साली झाले.

त्यांच्या लेखनपद्धतीचा नमुना म्हणून 'दुविधा' ही कथा घेता येईल. नवऱ्याचे रूप घेऊन घरात राहणाऱ्या भुताची कथा भारतात अनेक ठिकाणी सांगितली जाते. लालबिहारी डे यांच्या १८८३ सालच्या बंगाली लोककथांच्या इंग्रजी संग्रहात ती येते. तीत परदेशी गेलेला ब्राह्मण परत येतो तो त्याच्याच रूपातील भूत घरात नांदत असते. राजालाही निवाडा करता येत नाही. शेवटी राजाचा खेळ खेळणारा एक गुराखी मुलगा सांगतो की, जो या कुपीत शिरेल तो खरा. भूत शिरते, कुपीला बूच बसते आणि कथा संपते. या कथेचा सारा रस गुराख्याच्या चातुर्यात आहे. त्या घरातील स्त्रीला काय वाटले, हे कोणी विचारीत नाही.

देथा यांनी कथेचा सांगाडा फारसा बदलला नाही. नवपरिणीत जोडपे घरी येत असताना वाटेतील झाडावरचे भूत वधूवर मोहित होते. वराचे लक्ष हिशेबात आहे. घरी येताच तो बापाच्या आज्ञेवरून पाच वर्षांसाठी व्यापाराला निघून जातो. भूत त्याचे रूप घेऊन घरी येते. बापाला ते रोज मोहरा देते, त्यामुळे त्याला अधिक चौकशी करण्याची गरज वाटत नाही. येथवर कथा जुनीच आहे. परंतु वधूपाशी आल्यावर भूत तिला फसवीत नाही. आपण कोण आहोत हे ते सांगून टाकते आणि निर्णय तिच्यावर सोपवते. तिच्या आयुष्यात तिची इच्छा प्रथमच विचारली जाते, आणि विचारणारा माणूस नसतो. ती त्याचा स्वीकार करते. पुढे नवरा परततो, धनगर युक्तीने भुताला कातडी पखालीत कोंडतो, आणि सारा गाव सुटकेचा निःश्वास टाकतो. पण आता वाचकाला ते चातुर्य सुखावीत नाही. न्याय झाला आहे, आणि त्या न्यायाने जिचे सर्वस्व गेले तिला बोलण्याची सोय उरलेली नाही.

ही केवळ आधुनिक विचारांची भर आहे, असे म्हणणे योग्य होणार नाही. ज्या स्त्रियांच्या तोंडून अशा कथा ऐकल्या, त्यांच्या बोलण्यातील उसासा आणि उपरोध देथा यांच्या गद्यात उतरला आहे, आणि तो त्यांच्याच भाषेत लिहिल्यामुळे उतरू शकला. याच गुणामुळे या कथा पुढे इतर माध्यमांत गेल्या. मणि कौल यांनी १९७३ साली 'दुविधा'वर चित्रपट काढला. अमोल पालेकर यांनी २००५ साली 'पहेली' दिग्दर्शित केला. त्यात शेवट पालटून भुताला नवऱ्याच्या देहात आश्रय दिला आहे. हबीब तन्वीर यांनी देथांच्या दुसऱ्या एका कथेवरून १९७५ साली 'चरणदास चोर' हे नाटक रचले, तेही छत्तीसगढी बोलीत. १९८२ साली एडिंबरोच्या नाट्यमहोत्सवात त्याला पारितोषिक मिळाले.

लागोसमधील शिपाई

तिसरे उदाहरण नायजेरियातील योरुबा लोकांचे. त्यांच्या भाषेतील आद्य कादंबरीकारांत शिक्षक डी. ओ. फागुनवा यांची गणना होते. त्यांची १९३८ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी भुताखेतांच्या अरण्यात शिरणाऱ्या शिकाऱ्याची आहे. वोले सोयिंका यांनी १९६८ साली तिचे इंग्रजी भाषांतर केले. फागुनवांच्याच वाटेने आमोस टुटुओला आले. मात्र त्यांनी इंग्रजीतून लिहिले. १९२० साली अबेओकुटा येथे जन्मलेल्या टुटुओलांना जेमतेम सहा वर्षांचे शालेय शिक्षण मिळाले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी धातुकाम केले आणि नंतर लागोस येथील कामगार खात्यात ते शिपाई होते.

१९५२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची कादंबरी एका माडीबाजाची कथा आहे. बापाने त्याला ५,६०,००० झाडांची बाग आणि माडी काढणारा एक वाकबगार माणूस दिलेला असतो. तो माणूस झाडावरून पडून मरतो, तेव्हा नायक त्याला शोधत मृतांच्या नगरीकडे निघतो. वाटेत एका तरुणीची कथा येते. सर्व वरांना नकार देणारी ही तरुणी बाजारात दिसलेल्या एका देखण्या पुरुषामागे अरण्यात जाते. चालता चालता तो पुरुष आपला एकेक अवयव ज्याच्या त्याच्याकडे परत करतो आणि त्याचे भाडे चुकते करतो. शेवटी केवळ कवटी उरते. ही कथा पश्चिम आफ्रिकेत नाना रूपांनी सांगितली जाते. परंतु भाड्याचा हा काटेकोर व्यवहार टुटुओलांनी रंगविला आहे. त्यांचा नायक एके ठिकाणी आपले मरण सत्तर पौंड, अठरा शिलिंग, सहा पेन्सांना विकतो आणि भीती मासिक व्याजाने देतो. वसाहतीच्या राज्यात प्रत्येक गोष्टीला लागलेली किंमत पिशाचांच्या अरण्यापर्यंत पोहोचली आहे, हे लेखक उपदेश न करता दाखवून देतो.

लंडनमध्ये कवी डिलन टॉमस यांनी या पुस्तकाचे मनापासून स्वागत केले. पुढच्याच वर्षी रेमाँ केनो यांनी त्याचे फ्रेंच भाषांतर केले. मायदेशी मात्र सुशिक्षितांचा रोष झाला. हे इंग्रजी अशुद्ध आहे, यामुळे परकीयांना आपला देश मागासलेला वाटेल, असे आक्षेप घेण्यात आले. त्यामागची व्यथा समजण्यासारखी होती. स्वातंत्र्याची वाट पाहणाऱ्या समाजाला आपले हसे व्हावयाला नको होते. तरीही आक्षेपकांनी व्याकरण तपासले आणि योरुबा निवेदकाचा स्वर ऐकला नाही, असे म्हणावे लागते. कालांतराने मत पालटले. चिनुआ अचेबे यांनी १९७७ साली एका व्याख्यानात या कादंबरीतील श्रम आणि सुखोपभोग यांविषयीचा नैतिक विचार उलगडून दाखवला. १९९१ साली बुकर पारितोषिक मिळविणाऱ्या बेन ओक्री यांच्या कादंबरीलाही हाच योरुबा कथांचा वारसा लाभला आहे.

समारोप

या तिन्ही उदाहरणांचा एकत्रित विचार करता असे दिसते की, अद्भुतकथेला धोका असतो तो तिच्यावर अविश्वास दाखवणाऱ्यांपासून नव्हे. कारण भुतांवर विश्वास नसलेला वाचकही भुताची कथा आवडीने वाचतो. खरा धोका असतो तो सांगणाऱ्याच्या भाषेला हीन लेखणाऱ्यांपासून. सातवाहनाला कथा वाईट वाटली नव्हती. त्याने ती ऐकलीच नव्हती. देथा आणि टुटुओला यांच्या बाबतीत श्रोते वेळेवर मिळाले, एवढाच फरक.

भाषांतराने कथा दूरवर पोहोचते, ही समाधानाची गोष्ट आहे; प्रस्तुत पुस्तकाचा हेतूही तोच आहे. परंतु भाषांतर हा मूळ वाणीचा पर्याय नव्हे, हे बृहत्कथेच्या उदाहरणावरून विसरता येणार नाही. आपल्या गावांत, पाड्यांवर आणि घरांतील वृद्ध स्त्रियांपाशी आजही ज्या कथा आहेत, त्या लिहून घेताना सांगणाऱ्याचे शब्द शक्य तितके जसेच्या तसे राखावेत. भाषेची शुद्धाशुद्धता नंतर पाहता येईल. सांगणारी व्यक्ती मात्र नंतर भेटेलच, अशी खात्री नसते.