कुत्र्याच्या पिलाचा खोका : निवड, माप आणि मांडणी

कास्तकाराच्या दारीं बैल, गाय आणि कुत्रें हीं तिन्ही जनावरें पूर्वापार आहेत. पैकीं बैलास गोठा, गाईस दावण, इतकेंच नव्हे तर कोंबडीसही खुराडें आपण न चुकतां देतों; कुत्र्याच्या वांट्यास मात्र ओसरीची कड किंवा बैलगाडीखालची सावली यापलीकडे कांहीं येत नाहीं. मोठें कुत्रें आपली जागा आपण शोधून घेतें, हें खरें. परंतु दोन महिन्यांचें पिलूं आईपासून तोडून आणिलें म्हणजे त्यास ती अक्कल नसते. तें रात्रीं रडत फिरतें, विजेची तार चावतें, मोटारीच्या चाकाखालीं जाऊन निजतें, फवारणीच्या औषधाची बाटली तोंडांत धरतें. म्हणून पहिल्या कांहीं महिन्यांपुरती तरी त्यास स्वतःची, बंद होणारी आणि सुरक्षित अशी जागा असणें अवश्य आहे. हा खोका कोणता घ्यावा, केवढा घ्यावा, कोठें ठेवावा आणि पिलास त्यांत कसें रुळवावें, याचा क्रमवार विचार पुढें केला आहे.

खोक्याचा उपयोग काय ?

कित्येकांस वाटतें कीं, मुक्या जिवास पेटींत घालणें ही निर्दयता आहे. आपल्याकडे खंडोबाबरोबर कुत्र्याचाही मान असतो. तेव्हां ही शंका येणें स्वाभाविक आहे. परंतु कुत्र्याची जात मुळांत बिळांत विणारी व बिळांत वाढणारी आहे. गांवांतील मोकाट कुत्रीसुद्धां वितांना उघड्या मैदानांत न वितां कडब्याच्या गंजीच्या पोटांत, पडक्या भिंतीच्या आडोशास किंवा मोरीच्या नळ्यांत वितें. तीन बाजूंनीं बंद व एका बाजूनें मोकळी अशी जागा पिलास आपोआप आवडते. दुसरें असें कीं, आपण जेथें निजतों तेथें घाण करूं नये, ही बुद्धि पिलास उपजत असते. खोका योग्य मापाचा असेल तर पिलूं लघवी रोखून धरतें, आपण त्यास वेळेवर बाहेर नेतों, आणि थोड्याच आठवड्यांत त्यास अंगणाची संवय लागते. तिसरें, पुढें जनावरांच्या दवाखान्यांत न्यावयाचें झालें किंवा एस. टी. नें अगर टेंपोनें परगांवीं जाणें पडलें, तर खोक्यास रुळलेलें जनावर गडबड करीत नाहीं.

माप

खोका घेण्यापूर्वीं पिलाची जात पाहावी. आपल्या मराठवाड्यांत बहुतेक गांवठी कुत्रींच पाळतात. याशिवाय लातूर-सोलापूरकडे आणि कर्नाटकांत मुधोळच्या बाजूस कारवानी जातीचें उंच, सडपातळ, शिकारी कुत्रें आढळतें. मुधोळचें हें कुत्रें भारतीय डाक खात्यानें ९ जानेवारी २००५ रोजीं काढलेल्या चार देशी जातींच्या तिकिटांत समाविष्ट होतें. दोन महिन्यांचें असतां दोन्ही जातींचीं पिलें जवळजवळ सारखींच दिसतात. परंतु कारवानी नर पुढें खांद्याशीं २७-२८ इंच भरतो, गांवठी कुत्रें सुमारें २० इंचांवर थांबतें. मापांत चूक होते ती येथेंच.

नियम सोपा आहे. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याची नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुडख्यापर्यंत लांबी घ्यावी व तींत ४ इंच मिळवावे. ती खोक्याची लांबी. उभ्या कुत्र्याची जमिनीपासून डोक्याच्या माथ्यापर्यंत उंची घ्यावी व तींतही ३ ते ४ इंच मिळवावे. ती खोक्याची उंची. या हिशेबानें गांवठी कुत्र्यास ३६ इंच लांब, २४ इंच रुंद व २७ इंच उंच, आणि कारवानीस ४८ इंच लांब, ३० इंच रुंद व ३३ इंचांहून अधिक उंच खोका लागतो. पिलाचे आईबाप पाहावयास मिळाले तर त्यांचेंच माप घ्यावें. त्याहून खात्रीचा अंदाज नाहीं.

आतां एवढा मोठा खोका पिलास दिला तर तें एका कोपऱ्यांत निजेल व दुसऱ्या कोपऱ्यांत घाण करील, आणि खोक्याचा अर्धा उपयोग फुकट जाईल. याकरितां मध्यें सरकती आडफळी बसवावी. पिलास उभें राहतां यावें, फिरतां यावें आणि पाय ताणून निजतां यावें, इतकीच जागा मोकळी ठेवावी. मग पिलूं वाढेल तसतशी फळी मागें सरकवावी. असें केलें असतां एकच खोका जन्मभर पुरतो.

खोका कोणत्या जिनसेचा असावा ?

बाजारांत तीन प्रकार मिळतात व चौथा आपण घरीं करूं शकतों.

लोखंडी जाळीचा पिंजरा हवेशीर असतो, धुवावयास सोपा असतो आणि घडी करून ठेवतां येतो. मात्र त्यांतील सळयांमधील अंतर पाहावें. लहान पिलाकरितां तें १ इंचाच्या आसपास असावें. अधिक असल्यास डोकें बाहेर निघून अडकतें. तळास जाळी उघडी नसावी, ताट किंवा फळी असावी. नाहींतर नखें व बोटें गुंततात. पिंजरा तिन्ही बाजूंनीं जुन्या चादरीनें झांकला म्हणजे त्यास बिळाचें रूप येतें.

प्लास्टिकची प्रवासी पेटी हलकी व प्रवासास उत्तम; पण आपल्याकडील उन्हाळ्यांत ती लवकर तापते व तींत हवा कमी खेळते.

सुताराकडून केलेला लांकडी खोका थंड राहतो व स्वस्तांत होतो. त्यास रंधा मारून घ्यावा, खिळ्यांचीं टोकें आंत येऊं देऊं नयेत आणि पिलूं चावील अशा ठिकाणीं रंग किंवा वॉर्निश लावूं नये. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे सांधे लांबी भरून बुजवावे. कुत्र्याची गोचीड अंगावर रक्त पिऊन खालीं उतरते आणि भेगांत शिरून हजारोंनीं अंडीं घालते. उघड्या सांध्यांचा खोका म्हणजे गोचिडीस आयतें घर होय.

चौथा प्रकार म्हणजे टोमॅटो-मोसंबीचें प्लास्टिकचें कॅरेट. हें प्रत्येक कास्तकाराच्या घरीं असतें. सुमारें २१ इंच लांब, १४ इंच रुंद व ११-१२ इंच उंच असें हें कॅरेट दोन महिन्यांच्या पिलास पहिल्या आठवड्यापुरतें चालतें. वर दुसरें कॅरेट पालथें घालून दोरीनें घट्ट बांधावें. परंतु ज्यांतून औषधांच्या बाटल्या किंवा बीजप्रक्रिया केलेलें बियाणें वाहिलें असेल, तें कॅरेट कितीही धुतलें तरी वापरूं नये. खताची अगर औषधाची गोणी अंथरावयासही घेऊं नये.

जुन्या खोक्याविषयीं इशारा

या लेखांतील हा भाग वाचकांनीं विशेष लक्षपूर्वक वाचावा. शेजाऱ्याचें पिलूं मेलें, खोका रिकामा पडला, तो आपण मागून आणिला, ही गोष्ट आपल्याकडे नित्य घडते. आणि पंधरा दिवसांत आपलेंही पिलूं रक्ताची हगवण व ओकाऱ्या होऊन जातें. लोक म्हणतात, दृष्ट लागली. वस्तुतः हा पार्वो नांवाचा विषाणूजन्य रोग होय. तो १९७८ च्या सुमारास जगांत प्रथम ओळखला गेला आणि अल्पावधींत सर्वत्र पसरला. याचा विषाणु इतका चिवट आहे कीं, तो फळीवर, जमिनीवर व मातींत महिनोन् महिने जिवंत राहतो. साध्या साबणानें किंवा उन्हांत एक दिवस ठेवल्यानें तो हटत नाहीं.

म्हणून ज्या घरीं असा रोग झाला असेल तेथील लांकडी खोका जाळून टाकावा. लोखंडी किंवा प्लास्टिकचा असल्यास आधीं साबणानें सर्व घाण खरवडून धुवावी, कारण घाणीवर औषध चालत नाहीं. नंतर कपडे धुण्याच्या पातळ ब्लीचचा एक भाग व पाण्याचे तीस भाग असें मिश्रण लावून निदान दहा मिनिटें ओलें ठेवावें, मग स्वच्छ पाण्यानें धुवून कडक उन्हांत वाळवावें. ब्लीच व फिनेल हीं कधींही एकत्र करूं नयेत. इतकें करूनही लस हाच खरा तरणोपाय आहे. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयांत द्यावी, पुढील मात्रा तीन-चार आठवड्यांच्या अंतरानें सोळा आठवड्यांपर्यंत द्याव्या, आणि पिसाळ रोगाची लस तीन महिन्यांच्या वयांत चुकवूं नये. जंताचें औषधही डॉक्टरांस विचारून वेळच्या वेळीं द्यावें. पिलाच्या विष्ठेंतील जंतांचीं अंडीं मातींतून लहान मुलांच्या पोटांत जातात.

जागा

औरंगपुऱ्यासारख्या दाट वस्तींत घरें लहान, गल्ल्या अरुंद, आणि भाजीमंडईची वर्दळ पहाटेपासून सुरू. अशा ठिकाणीं खोका रस्त्याकडील ओसरींत ठेवला तर पिलास झोंप मिळत नाहीं, व येणारा-जाणारा मनुष्य त्यास छेडतो. घरांतील माणसें दिसतील पण पायांत येणार नाहीं, असा भिंतीकडचा कोपरा निवडावा. पहिले आठ दिवस रात्रीं खोका निजावयाच्या खोलींत घ्यावा. माणसाचा श्वास व वास जवळ असला म्हणजे पिलाचें रडणें पुष्कळ कमी होतें.

उन्हाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. आपल्या जिल्ह्यांत वैशाखांत पारा ४० अंशांवर चढतो. कुत्र्यास आपल्यासारखा अंगभर घाम येत नाहीं. तें धापा टाकून अंग निववितें. हवा कोंडलेली असेल तर ही युक्ति निकामी होते. पत्र्याच्या छपराखालीं, गच्चीवर, उभ्या मोटारींत किंवा दुपारीं ऊन फिरून येतें अशा खिडकीजवळ खोका ठेवणें म्हणजे पिलाचा जीव घेणें होय. वाळ्याचा किंवा गोणपाटाचा ओला पडदा एका बाजूस टांगावा, पण समोरची बाजू वाऱ्यास मोकळी असावी.

आंतील सामान

आंत फार कांहीं लागत नाहीं. जुन्या धोतराची किंवा लुगड्याची चौपदरी घडी अंथरावी. ती दर दोन दिवसांनीं धुवून उन्हांत वाळवावी. पिलूं कापड फाडून गिळत असेल तर कांहीं दिवस नुसती फळी चालेल. पाण्यास मातीचें जड परळ ठेवावें. चावावयास एखादें बळकट रबरी खेळणें द्यावें. शिजविलेलें हाड देऊं नये, तें चिरकून घशांत रुततें. आणि खोक्यांत घालण्यापूर्वीं गळ्यांतील पट्टा, दोरी, काळा गंडा, घुंगरू हें सर्व काढावें. पट्टा सळईस अडकून पिलें गळफांस बसून मरतात.

रुळविण्याचा क्रम

पहिल्या दिवशीं दार उघडें बांधून ठेवावें व भाकरीचा तुकडा आंत टाकून पिलास आपण होऊन जाऊं द्यावें, ढकलूं नये. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दोन्ही वेळचें खाणें खोक्यांतच द्यावें. खात असतां दार लोटावें व संपतांच उघडावें. पुढें पांच मिनिटें, दहा मिनिटें, अर्धा तास असा काळ वाढवीत जावें. पिलूं रडूं लागलें तर रडणें क्षणभर थांबतांच दार उघडावें. रडत असतां उघडल्यास रडण्यानें दार उघडतें असा धडा तें शिकतें. मात्र रात्रीं झोंपेंतून उठून रडूं लागलें तर तो बहुधा लघवीचा इशारा असतो. त्यास मुकाट्यानें बाहेर नेऊन परत आणावें, खेळवूं नये. झोंपेंतून उठल्यावर, खाल्ल्यावर व खेळल्यावर, या तीन वेळीं बाहेर नेणें कधींच चुकवूं नये.

खोक्याचा उपयोग शिक्षेसाठीं करूं नये, आणि पिलूं आंत असतां मुलांना त्यांत हात घालूं देऊं नये. ती जागा त्याची आहे, हें घरांतील सर्वांनीं मानलें पाहिजे.

किती वेळ कोंडावें, याचाही हिशेब आहे. पिलाचें वय जितके महिने, त्यांत एक मिळवावा. दिवसा त्याहून अधिक तास तें लघवी धरूं शकत नाहीं. दोन महिन्यांच्या पिलास तीन तास ही कमाल मर्यादा समजावी. सगळें घर दिवसभर कामावर जात असेल तर खोका हा त्यावर तोड नव्हे. अशा घरानें पिलूं आणूंच नये. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कलम ११ अन्वयें, हालचालीस पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यांत प्राणी ठेवणें, तसेंच आखूड किंवा जड सांखळीनें अवाजवी वेळ बांधणें, हे दोन्ही अपराध आहेत. दंडाच्या भीतीपेक्षांही हें ध्यानांत घ्यावें कीं, दिवसभर कोंडलेलें कुत्रें राखणदार न होतां चावरें होतें.

शेतवस्तीसाठीं अधिक तजवीज

शेतांत राहणाऱ्या बंधूंस आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे. कन्नडच्या बाजूस गौताळा अभयारण्य आहे व बिबट्याचा वावर उसाच्या फडांतही असतो. अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) जिल्ह्यांतील अकोले भागांत बिबट्यांच्या विष्ठेची तपासणी करून केलेला अभ्यास २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत बिबट्याच्या आहारापैकीं वजनानें सुमारें ३९ टक्के वांटा एकट्या पाळीव कुत्र्यांचा निघाला. शेळीचाही इतका नव्हता. अंगणांत बांधलेलें कुत्रें हें बिबट्यास घराच्या उंबऱ्यापर्यंत आणणारें आमिष होय, आणि त्याच अंगणांत आपलीं मुलें निजतात.

यास्तव अशा भागांत पिलाचा खोका रात्रीं घराच्या आंतच असावा. मोठ्या कुत्र्यास बाहेर ठेवणें भाग असेल तर लोहाराकडून जाड सळईचा, वरून छप्पर जोडलेला पिंजरा करवून तो जमिनींत पक्का रोवावा, दारास कडी-कोयंडा असावा, आणि भिंतीकडील बाजू बंद असावी, म्हणजे पंजा आंत पोहोंचत नाहीं. धनगर मंडळी आपल्या कुत्र्यांच्या गळ्यांत खिळ्यांचा पट्टा घालतात तो याच अनुभवानें. पण कळपाबरोबर माणूस जागा असतो, वस्तीवर आपण निजलेलों असतों, हा फरक विसरूं नये.

सारांश, खोका मोठा घेऊन आडफळीनें लहान करावा, जुना असल्यास रोगाची चौकशी करावी, सावलींत व माणसांजवळ ठेवावा, गळा मोकळा करूनच पिलास आंत घालावें आणि घड्याळ पाहून बाहेर काढावें. सहा-आठ महिन्यांनीं दार कायमचें उघडें ठेविलें तरी कुत्रें आपण होऊन त्यांतच जाऊन निजेल. तेव्हां खोक्याचें काम झालें असें समजावें.